मिरचीचा फवारा आणि देशांच्या वेशी

खरीप भरात आला की वर्धा जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांत रात्रीचा मुक्काम घरातून वावरात हलतो. सेलू आणि कारंजा (घाडगे) तालुक्यांत, बोरच्या जंगलाच्या अंगाला, सोयाबीन, तूर, कपाशीच्या शेतांत मचाणी उभ्या राहतात आणि घरातला एक माणूस जागलीला जातो. डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या, बॅटरीचा झोत फिरवायचा. एवढे करूनही डोळा लागला तेवढ्यात रानडुकरांचा कळप तास उकरून जातो. रोही, म्हणजे पुस्तकात जिला नीलगाय म्हणतात ती, उभ्या पिकातून चरत पुढे निघून जाते. सकाळी धुऱ्यावर उभे राहून नुकसान मोजायचे, एवढेच हाती राहते.

या जागलीला कंटाळून काही जण कुंपणाच्या तारेत चोरून वीज सोडतात. त्याचा परिणाम या जिल्ह्याने पाहिला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक वाघीण जुलै २०१७ मध्ये बोरच्या जंगलात आणून सोडली होती. तिने माणसे मारल्यामुळे तिला ठार करण्याचा आदेश निघाला, तो न्यायालयात गेला, बंदुका घेतलेली माणसे तिच्या मागावर राहिली. पण १४ ऑक्टोबर २०१७ ला कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरी शिवारात ती मेली ती गोळीने नव्हे, तर रानडुकरांसाठी तारेत सोडलेल्या विजेने. अशा तारांना चिकटून गुरे मेली आहेत, माणसेही मेली आहेत. तार डुकराला आणि माणसाला वेगळे ओळखत नाही.

प्राण्याला मारायचे नाही, पण जवळही फिरकू द्यायचे नाही, हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले तेव्हा तिथे सापांचा सुळसुळाट होता. साप पकडून दूर सोडण्यासाठी वापरलेला लांब लाकडी चिमटा आणि पेटी आजही आश्रमात ठेवलेली आहे. पिकांचा विषय मात्र त्यांनाही इतका सोपा वाटला नव्हता. माकडांनी शेते फस्त करावीत आणि दुष्काळाच्या दिवसांत आपण अहिंसेच्या नावाने ते पाहत बसावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९४६ साली 'हरिजन'मधून त्यांनी तसे स्पष्ट लिहिले.

आता समजा, बोरच्या अंगाला असलेल्या अशाच एका गावातल्या कोणाचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे जंगलात भटकणारे लोक अस्वलाला पळवून लावणारा फवारा कमरेला अडकवून हिंडतात, हे त्याने पाहिले आहे. दिवाळीला घरी येताना असा एक डबा त्याने बॅगेत घातला तर? विमानतळावर तो काढून घेतील, हे उत्तर एका वाक्यात देता येते. पण तोच डबा अमेरिकेतून कॅनडात पायी नेणाऱ्याला जाऊ देतात आणि तसाच दुसरा डबा जर्मनीतून हॉलंडमध्ये नेणाऱ्याला पकडतात. असे का, हे समजून घ्यायचे तर आपल्याला मिरचीचा इतिहास चाळावा लागेल. कारण या सगळ्या डब्यांत असते ती मिरचीच.

फवारा आधी झाडाने शोधला

मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस १४९३ मध्ये पहिल्या सफरीवरून परतला, त्यानंतर ती युरोपला ठाऊक झाली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांबरोबर ती आपल्याकडे उतरली. आपल्या जेवणात तेव्हा तिखटपणा होता तो मिऱ्यांचा. म्हणून नव्या फळाला नाव मिळाले ते मिरीवरूनच, मिरची. मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' असेही म्हणत. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची आज तिच्या गावाच्या नावाने ओळखली जाते, भौगोलिक मानांकनही तिला आहे. पण तिचे पूर्वज परदेशी. त्या वेळी बंदरावर कोणी त्यांची झडती घेतली नाही. पुढे काय होणार ते ठाऊक असते तर कदाचित घेतली असती!

मिरचीत तिखटपणा कशासाठी असतो? आपल्या जिभेसाठी तर नक्कीच नाही. फळ ही झाडाने बी दूर पोचवण्यासाठी केलेली सोय. ते कोणी तरी खावे आणि बी लांब नेऊन टाकावे, ही झाडाची गरज. उंदरासारखा प्राणी बी दातांनी चावून टाकतो, मग ते रुजत नाही. पक्ष्याला दात नसतात, बी त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडते. म्हणजे झाडाला गिऱ्हाईक हवे ते पक्ष्याचे, आणि उंदीर-घुशींना दारातूनच परत पाठवायचे. २००१ साली ट्यूक्सबरी आणि नभान या दोघांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनात रानमिरचीवर काम करून हेच दाखवले. पक्षी त्या मिरच्या मजेत खात होते, उंदीर त्यांना तोंड लावत नव्हते. तिखट नसलेल्या जातीच्या मिरच्या दिल्या तर उंदीर खात, पण त्यांच्या पोटातून गेलेले बी उगवत नसे.

राघूला हिरवी मिरची आवडते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असते. (राघू पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही वर्गात या निमित्ताने सांगून टाकावे.) राघूला ती तिखट का लागत नाही, याचे उत्तर मात्र अगदी अलीकडे मिळाले. मिरचीतला जहाल पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. १८१६ मध्ये जर्मनीत बुखोल्झ यांनी त्याचा अर्क काढला होता, १८७६ मध्ये थ्रेश यांनी त्याला हे नाव दिले. हा पदार्थ नेमके काय करतो हे १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर प्रथिनांची बारीक दारे असतात. त्यांतले एक दार साधारण ४३ अंश सेल्सियसला उघडते आणि मेंदूला 'भाजले' असा निरोप जातो. कॅप्सेसिन नेमके हेच दार उघडते. त्यामुळे मिरचीने जीभ भाजते असे आपण म्हणतो ते केवळ बोलणे नाही. मज्जातंतूंच्या दृष्टीने ते शब्दशः खरे आहे, फक्त तिथे उष्णता नसते. पक्ष्यांमध्येही हे दार असते, उष्णतेने ते उघडतेही, पण त्याची घडण जराशी वेगळी असल्याने कॅप्सेसिनची किल्ली त्याला लागत नाही. ज्युलियस यांना या कामासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते त्यांना आर्डेम पटापुटियान यांच्याबरोबर विभागून दिले गेले.

सस्तन प्राण्यांतही अपवाद आहेच. चीनमधल्या वृक्षचिचुंद्रीत या दाराच्या घडणीत एक बदल झालेला असून ती मिरच्या खाऊ शकते, असे २०१८ मध्ये आढळले. दुसरा अपवाद आपण. आपण मात्र दार उघडते हे माहीत असून पुन्हा पुन्हा किल्ली लावतो.

माणसावर आधी, अस्वलावर नंतर

सस्तन प्राण्याला पळवणारा पदार्थ माणसाला सापडला आणि त्याने तो पहिल्यांदा चालवला तो दुसऱ्या माणसावर. सुमारे १५४१ मध्ये मेक्सिकोत तयार झालेल्या 'मेंडोझा' चित्रपोथीत अकरा वर्षांच्या मुलाला बाप मिरचीच्या धुरावर धरून शिक्षा करतो आहे, असे चित्र आहे. आपल्याकडचा इतिहास याहून कडू आहे. मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करताना रयतेचा छळ होतो, अशा तक्रारी झाल्या आणि चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्याच्या १८५५ च्या अहवालात छळाच्या प्रकारांची जी जंत्री आहे, तीत डोळ्यांत मिरचीपूड घालणे हाही प्रकार आहे. शेतकऱ्याच्या घरची मिरची शेतकऱ्याच्याच डोळ्यांत.

डब्यातून फवारायची कल्पना विसाव्या शतकातली. अमेरिकेत १९६० च्या दशकात पोस्टमनांच्या हाती कुत्र्यांसाठी मिरचीच्या अर्काचा छोटा फवारा आला. त्याच सुमारास, ऑगस्ट १९६७ मध्ये, मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी अस्वलांनी दोन तरुणींना मारले. अस्वल मारून टाकावे की माणसाने जंगलात जाऊच नये, असा वाद पेटला. मोंटाना विद्यापीठात चार्ल्स जोंकेल हे अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या अस्वलांचा अभ्यास करत होते. त्यांच्या विद्यार्थिनी कॅरी हंट यांनी पकडून ठेवलेल्या अस्वलांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. आवाज, दिवे, वास, आणि तो पोस्टमनचा फवाराही. मिरची त्यांत सरस ठरली. हंट यांचा प्रबंध १९८४ चा. त्यानंतर काही वर्षांतच अस्वलासाठी मोठे, लांब मारा करणारे डबे बाजारात आले. त्यांत १ ते २ टक्के कॅप्सेसिन आणि त्याच्या भाऊबंदांचा अर्क असतो. फवारा सात-आठ मीटर जातो आणि सहा-सात सेकंदांत डबा रिकामा होतो.

तो चालतो का? १९८५ ते २००६ या काळात अलास्कात हा फवारा वापरल्याचे ८३ प्रसंग टॉम स्मिथ आणि सहकाऱ्यांनी तपासले. दहातल्या नऊ वेळा अस्वलाने आपला बेत सोडला. फवारा जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्क्यांना काहीही इजा झाली नाही.

याच सुमारास पोलिसांनीही मिरचीचा फवारा हाती घेतला आणि मागोमाग सामान्य माणसाने स्वसंरक्षणासाठी घेतला. आपल्याकडे १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत एका सदस्याने तो फवारला, तेव्हा कित्येकांना दवाखान्यात न्यावे लागले. म्हणजे एकाच अर्काचे दोन धंदे सुरू झाले, जनावरांसाठी एक आणि माणसांसाठी एक. कायद्याची अडचण इथूनच सुरू होते. रसायनशास्त्राने तपासले तर दोन डब्यांत फरक फक्त प्रमाणाचा.

वेशीवर काय विचारतात

मोंटानातले ग्लेशियर उद्यान आणि कॅनडातले वॉटरटन उद्यान ही १९३२ पासून दोन देशांचे मिळून एक शांतता उद्यान मानली जातात. अस्वले सीमा ओलांडून येतात-जातात, त्यांना कोणी विचारत नाही. माणसांना मात्र विचारतात. माणसाला जायबंदी करण्यासाठी केलेला कोणताही फवारा कॅनडात बंदी असलेले शस्त्र आहे. पण डब्यावर 'प्राण्यांवर वापरासाठी' असे स्पष्ट छापलेले असेल तर तोच अर्क शस्त्र ठरत नाही. मग तो कीडनाशकांच्या कायद्याखाली येतो. अमेरिकेतही अस्वलाचा फवारा पर्यावरण खात्याकडे कीडनाशक म्हणूनच नोंदवावा लागतो. दोन-अडीचशे किलोचे अस्वल ही 'कीड', ही कल्पना आम्हाला गमतीची वाटते, पण कायद्याला कुठला तरी कप्पा हवा असतो. आता सीमेवर अधिकाऱ्याने विचारले, 'हा कशासाठी?' आणि प्रवाशाने सांगितले, 'वाटेत कोणी माणूस अंगावर आला तर', की डबा तोच राहून कप्पा बदलतो. छापील शब्द एक आणि मनातला हेतू दुसरा असेल तर कायदा हेतू पाहतो.

जर्मनीत याच गोष्टीने वेगळे वळण घेतले आहे. माणसांवर वापरायच्या फवाऱ्याला तिथे शस्त्रकायद्याप्रमाणे सरकारी तपासणीची खूण लागते. मिरचीच्या फवाऱ्यांना ती नसते. म्हणून ते 'प्राण्यांपासून बचावासाठी' अशी चिठ्ठी लावून दुकानात उघड विकले जातात, आणि घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात कुत्रा नसतो हे विकणाऱ्यालाही कळते. आखेन शहरात असा डबा खिशात घेऊन फिरणे चालते. शहराच्या कडेला हॉलंड आणि बेल्जियम या दोन देशांच्या सीमा आहेत. बसने अर्ध्या तासात पलीकडे गेले की तोच खिसा बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याचा होतो. डेन्मार्क आणि ब्रिटनमध्येही असेच आहे. ब्रिटनमध्ये तर अपायकारक द्रव फवारणारे साधन १९६८ च्या बंदुकांच्या कायद्यातच मोडते. तिथे डब्यावरच्या चिठ्ठीचा काही उपयोग होत नाही.

याहूनही विचित्र गोष्ट युद्धाची. रासायनिक शस्त्रबंदीच्या कराराप्रमाणे (सह्या १९९३, अंमल १९९७ पासून, भारतही त्यात आहे) अश्रुधुरासारखे दंगल शमवणारे पदार्थ युद्धात वापरायला बंदी आहे. पोलिसांना मात्र आपल्या देशात ते वापरता येतात. म्हणजे शत्रूच्या सैनिकावर जे चालत नाही, ते स्वतःच्या नागरिकावर चालते. याची कारणे आहेत (युद्धात एका वायूला दुसऱ्या, अधिक घातक वायूने उत्तर मिळण्याची भीती असते), तरी वाचताना माणूस थबकतोच.

राहिले विमान. इथे चिठ्ठीचा किंवा हेतूचा प्रश्नच नाही. फवाऱ्याचा डबा म्हणजे दाबाखाली भरलेला वायू आणि डोळे मिटायला लावणारा अर्क. बंद विमानात तो फुटला आणि चालकाचे डोळे मिटले तर काय, एवढाच विचार पुरेसा आहे. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तो प्रवाशाला हातातल्या पिशवीतही नेता येत नाही आणि पोटात टाकायच्या सामानातही नाही. अमेरिकेने आपल्या सामानाच्या नियमांत स्वसंरक्षणाच्या ११८ मिलिलिटरच्या छोट्या डबीला एक सवलत ठेवली आहे. अस्वलाचा मोठा डबा त्यातही बसत नाही. अलास्काला जाणारे लोक तो तिथे उतरून विकत घेतात आणि परतताना तिथेच सोडून येतात. आपल्या गावच्या मुलाचा डबा अडतो तो असा.

आणि आणलाच असता तर?

समजा, अडला नसता. वावरात त्याचा उपयोग झाला असता का? आम्हाला शंका आहे. हा फवारा अंगावर येणाऱ्या जनावराच्या तोंडावर, काही मीटरवरून मारायचा असतो. तो भिंत नव्हे. बोरच्या जंगलात अस्वल आहे. पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्याच्या हाती असा डबा असेल तर गोष्ट वेगळी. पण धुऱ्यावर सगळीकडे मारून ठेवला तर? काही लोकांनी अलास्कात तंबूभोवती तसे केले. तिथली अस्वले त्या जागी येऊन वास घेत लोळताना टॉम स्मिथ यांना आढळली, आणि १९९८ मध्ये त्यांनी तसा इशारा छापला. डोळ्यांत गेलेला अर्क पळवतो, जमिनीवर वाळलेला अर्क कुतूहल वाढवतो.

शेतासाठी मिरची वापरायची पद्धत वेगळी आहे. आफ्रिकेत १९९० च्या दशकापासून आणि आपल्याकडे आसामात हत्तींसाठी दोरांवर मिरची फासून ते शेताभोवती बांधले गेले, मिरची आणि शेणाच्या गोवऱ्यांचा धूर केला गेला. दोरावर मिरची फासतात ती पाण्यात कालवून नव्हे, तर वंगणात किंवा जुन्या इंजिन तेलात. का, ते वर्गात दाखवणे सोपे आहे. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. नागपूर-वर्ध्याच्या तर्री-पोह्यांतली तर्री आठवा. रंग आणि तिखट दोन्ही वर तरंगणाऱ्या तेलात उतरलेले असतात. दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात, एकीत कोमट पाणी आणि दुसरीत कोमट तेल, दोन्हींत चमचाभर मिरचीपूड. दुसऱ्या दिवशी रंगावरून निम्मी गोष्ट मुले स्वतःच सांगतील. (चव घेण्याचा प्रयोग गुरुजींनी स्वतःवर करावा. तिखट लागल्यावर पाणी न पिता दूध प्यावे. दुधातली प्रथिने कॅप्सेसिनला धरून जिभेवरून काढतात.) फवारणी पंपात मिरचीचे पाणी करून पिकावर मारणाऱ्यांचा अनुभव पहिल्या पावसाबरोबर का वाहून जातो, तेही यातून कळते. वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात, आणि तोही बहुतेक खरिपाच्या चार महिन्यांत, तेलाचा दोरही पुन्हा पुन्हा माखावा लागणार. शिवाय रानडुक्कर दोराखालून उकरून आत शिरते, हे वेगळेच.

इंडोनेशियात सुमात्रा बेटावरच्या वाय कांबास उद्यानाच्या कडेला सायमन हेजेस आणि गुनार्यादी यांनी या मिरचीची नीट परीक्षा घेतली. काही शेतांवर नेहमीची राखण ठेवली, म्हणजे मचाण, आवाज, दिवे आणि रात्रभर जागी माणसे. काही शेतांवर हे सगळे ठेवून वर मिरचीचे दोर आणि मिरचीचा धूर दिला. २०१० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. हत्ती दोन्हीकडून सारखेच परत गेले. मिरचीने राखणीत फारशी भर घातली नव्हती. जिथे माणसे जागी होती आणि एकमेकांना हाका देत होती, तिथे पीक वाचले. मिरचीचा खर्च आणि ती पुन्हा पुन्हा माखण्याचा व्याप मात्र शेतकऱ्याच्या माथी वाढला होता.

हत्तीचे निकाल डुकराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. हत्ती उंचावरून वास घेतो, डुक्कर जमिनीलगत. बोरच्या कडेला एखाद्या शाळेच्या पोरांनी आपल्याच घरच्या शेतांवर, निम्म्या धुऱ्यावर तेल-मिरचीचा दोर आणि निम्म्यावर नुसता दोर बांधून पंधरा दिवस सकाळी खुरांचे ठसे मोजले, तर ती नोंद उपयोगाची ठरेल. फक्त दोन्ही बाजूंची जागल त्या पंधरा रात्री सारखीच ठेवावी लागेल.